पाठमोरी सोमीबाय

आमच्या विहारात सगळी माणसं बुद्धाच्या मूर्तीकडे तोंड करून बसतात. सोमीबाय पाठ करून बसायची. पहिल्या दिवशी बसली तशीच शेवटच्या दिवशीही बसली, आणि मधल्या काळात तिच्या त्या पाठीवरून आमच्या वाडीत काय काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ती गेली गेल्या पावसाळ्यात. दुसऱ्या कोणी तिच्यावर लिहिलं तर एक तर तिला साध्वी करील, नाही तर अडाणी ठरवील. ती दोन्ही नव्हती. म्हणून मीच लिहितो. माझी शाळा चौथीत सुटली, पण हा विहार मी बांधलेला आहे, पायाच्या दगडापासून स्लॅबपर्यंत, आणि त्याची चावी अजून माझ्याच कमरेला असते. आत कोण कसं बसतं हे मला कोणी सांगायची गरज नाही.

सोमीबाय कातकरी. तिची वाडी रस्त्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. आमची बौद्धवाडी रस्त्याच्या खाली. आमच्याही खाली भाताची शेतं, मग खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध, आणि बांधापलीकडे तिवरांची झाडी आणि खाडी. ओहोटी लागली की ती आमच्या दारावरून खाली जायची आणि भरतीच्या आधी वर यायची, टोपलीत चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, घेऊन. अंगाने काटकी, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, कपाळावर गोंदण. उजव्या हाताच्या एका बोटाला नख नव्हतं. समोर माणूस आला की ती आधी त्याच्या हातांकडे बघायची, मग तोंडाकडे. मला म्हणाली होती, "मिस्तरी, तोंड खोटं बोलतं. हाताला कोन शिकवलंय खोटं बोलाया?"

तिचं एक ठरलेलं बोलणं होतं. "घाई कुनाला हाय?" भाव करताना हेच, एस.टी. सुटली तरी हेच, दवाखान्यात नंबर लागला तरी हेच. माझी बायको चिडायची. "अगं सोमीबाय, माझी फोडणी जळतेय, दे लवकर." ही आपली टोपलीत हात घालून एकेक चिंबोरी वर काढून तिच्याकडे बघत बसायची, जशी काही त्यांची ओळख काढतेय.

एका पावसाळ्यात आमच्याकडे एक भन्ते वर्षावासाला राहिले. शांत माणूस. त्यांनी दर रविवारी सकाळी आम्हाला आनापान शिकवायला सुरुवात केली. आनापान म्हणजे काही मोठं नाही. पाठ सरळ ठेवून बसायचं, डोळे मिटायचे, श्वास आत येतो तो बघायचा, बाहेर जातो तो बघायचा. मन पळालं की धरून परत आणायचं. भन्ते गेले, पण रविवारचं बसणं आम्ही चालू ठेवलं.

अशाच एका रविवारी सोमीबाय टोपली घेऊन विहाराच्या ओट्यावर थांबली. आम्ही उठल्यावर मला विचारलं, "डोळं मिटून काय करत व्हता?"

"श्वास बघत होतो."

"मंग?"

"मग काय? श्वासच बघायचा."

तिने टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "हे तर माझी आय करायची. बिळात हात घालताना."

मला राग आला. आम्ही एवढी वंदना करून, भन्तेंच्या पायाशी बसून शिकलेली गोष्ट, आणि ही म्हणते चिंबोरी धरताना करायची. मी म्हटलं, "ते वेगळं, हे वेगळं."

"आसंल," ती म्हणाली. वाद ती घालायचीच नाही. पुढच्या रविवारी टोपली ओट्यावर ठेवून आत आली, सरळ मूर्तीपाशी गेली, वळली आणि दाराकडे तोंड करून बसली.

तिचं बसणं कसं होतं ते सांगतो. श्वास आत घ्यायची आणि सोडताना ओठांतल्या ओठांत एक नाव घ्यायची. पुढचा श्वास, पुढचं नाव. ठकी, तिची आई. गोमी, आईची आई. बुधी, गोमीची आई. मग काळी. मग पिठी. पिठीच्या पलीकडे नाव ठाऊक नव्हतं, तिथे ती नुसताच श्वास सोडायची आणि पुन्हा ठकीपाशी यायची. ठकीने तिला बीळ ओळखायला शिकवलं. तोंडाशी ताजा चिखल आणि नख्यांचे ओरखडे असले तर चिंबोरी, तोंड गुळगुळीत असलं तर साप. गोमीने कडूकंद उकडून, चकत्या करून वाहत्या पाण्यात ठेवायला शिकवलं, म्हणजे त्यातलं विष जातं. बुधी अडलेल्या बाईला सोडवायची. काळीला पाऊस कळायचा.

"आणि पिठी?" मी विचारलं.

"पिठी काय बी करत नव्हती. नुसती हसायची म्हनं."

"मग तिचं नाव कशाला?"

"हसत्या बाईला मधनंच वगळू काय?"

मग मलाच उलटं विचारलं. "मिस्तरी, तुझ्या आयच्या आयचं नाव काय?"

मला सांगता आलं नाही. बापाच्या बाजूची चार नावं मी झोपेतसुद्धा सांगीन. आईची आई म्हटल्यावर मला फक्त एक खोकला आठवला आणि हिरव्या बांगड्या. मी म्हटलं, "तुला काय करायचंय?" ती म्हणाली, "मला काय बी न्हाय. तुला बसायचं आसलं तर लागंल."

चिंबोऱ्यांची एक गंमत सांगायला हवी. आमच्या पंचशीलातलं पहिलंच शील प्राणिहिंसा न करण्याचं. आणि ही बाई पायांना दोरी बांधलेल्या जिवंत चिंबोऱ्या ओट्यावर ठेवून आत ध्यानाला बसणार. एका रविवारी दोरी सुटली. सगळे डोळे मिटून बसलेले. विहाराचा सेक्रेटरी प्रकाश पुढच्या रांगेत. त्याच्या मांडीला काही तरी थंड लागलं, त्याने डोळे उघडले, आणि जो ओरडत उठला तो खिडकीपाशीच थांबला. पोरी हसून लोळल्या. सोमीबायने डोळे उघडले, चिंबोरी मागच्या बाजूने धरून उचलली आणि म्हणाली, "तिला बी बसायचं आसंल."

प्रकाश हसला नाही. दुपारी मात्र तीच चिंबोरी त्याच्या घरी शिजली. त्याच्या आईने, वच्छलाबाईने, मला स्वतः सांगितलं.

मी तिला एकदा सरळ म्हटलं, "दर रविवारी येतेस, बसतेस, मग दीक्षाच घे की."

"मंग माझ्या म्हाताऱ्यांनी बी घ्याया लागंल," ती म्हणाली. "त्या कोनाचं ऐकनाऱ्या न्हाईत."

हे सगळं गोडीत चाललं होतं. बिघडलं ते भिंतीमुळे.

कातकरी मयताला पुरतात. त्यांचा मसणवटा डोंगराच्या पायथ्याला, एका मोठ्या आंब्याखाली. ठकी, गोमी, बुधी तिथेच आहेत. ती जमीन कागदावर दुसऱ्याच्या नावाची निघाली, आणि ती शहरातून मांडव्याच्या बोटीने शनिवारी येणाऱ्या, रविवारी परत जाणाऱ्या एका माणसाने घेतली. बघता बघता चिऱ्याची भिंत उभी राहिली, लोखंडी गेट लागलं, वॉचमन बसला. ते काम मला विचारलं होतं, मी गेलो नाही. कातकरीवाडीच्या माणसांनी कचेरीत हेलपाटे घातले. प्रत्येक वेळी साहेब बघू म्हणाला. सोमीबाय भिंतीला टेकून रस्त्याच्या कडेला बसू लागली. गाड्या जाताना धूळ उडायची, वॉचमन येऊन उठवायचा. "मावशी, इधर नहीं बैठने का." ती उठायची, थोड्या वेळाने परत बसायची. एकदा गाडीचा आरसा तिच्या खांद्याला लागला. त्यानंतर ती भिंतीकडे गेली नाही. आमच्या विहारात रोज येऊ लागली.

मला म्हणाली, "मिस्तरी, सकाळचं दार उघडून ठेव. आता मला त्यांच्यासंगट बसाया हीच जागा उरली."

मी दार उघडून ठेवू लागलो. आणि वाडीत कुजबूज सुरू झाली.

प्रकाशचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. आम्ही पितर घालणं सोडलं ते काही सहज नाही सोडलं. दीक्षेच्या प्रतिज्ञेत आम्ही ते शपथेवर सोडलं आहे. प्रकाशच्या आज्याने पहिल्यांदा पिंडाला नकार दिला तेव्हा गावाने त्याचं पाणी तोडलं होतं. कावळ्याला घास ठेवायचा नाही, मेलेल्यांना बोलवायचं नाही, यासाठी आमच्या म्हाताऱ्यांनी मार खाल्लेला आहे. प्रकाश मला म्हणाला, "काका, विहारात बसून रोज पाच मेलेल्या बायांची नावं घेणं म्हणजे काय? आज ही, उद्या आपल्याच बाया सुरू करतील. परत सगळं दारातून आत येईल."

मी तिला सांगितलं, "सोमीबाय, इथे मेलेल्यांना बोलवायचं नाही."

"बोलवत न्हाय मी. त्या गेल्याच कुठं?"

"हेच ते. असं बोलू नको."

"बरं, न्हाय बोलत. पर श्वास तर त्यांचाच हाय. ठकीच्या पोटात पयला घेतला. ठकीनं गोमीच्या. तो तुझ्या बुद्धानं दिला व्हय?"

"आणि पाठ का करतेस त्याच्याकडे? लोकांना लागतं ते."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी काही तरी अगदी पोरकट विचारलंय. "तो मागं हाय म्हनून तर डोळं मिटता येत्यात. मागं चांगला मानूस बसला आसंल तर मागं बघाया लागत न्हाय."

हे मी प्रकाशला त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "बोलायला हुशार आहे. पौर्णिमेला बैठक लावतो. एक तर तोंड फिरवून, नावं सोडून बसायचं, नाही तर यायचं नाही." वच्छलाबाई आतून म्हणाली, "अरे, म्हातारी जाईल कुठे?" प्रकाश म्हणाला, "आई, तू मध्ये पडू नकोस."

सोमीबायला निरोप मीच दिला. तिने टोपली उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा बसली नाही, उंबऱ्यावरूनच आत बघून गेली. तिसऱ्या दिवशीही तसंच. ते मला सहन होईना. पण निरोप दिलेला होता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. पौर्णिमा जवळ आली की उधाणाची भरती येते, पाणी बांधाच्या माथ्याला लागतं. मी रोज सकाळी बांधावर चक्कर मारतो. त्या बांधाच्या समुद्राकडच्या बाजूला दगड बसवलेत, ते माझ्या तरुणपणी मी आणि माझ्या जोडीदारांनी बसवलेत, कुठला दगड कुठे आहे हे मला ठाऊक आहे. भरती लागलेली होती. तिवरांच्या वळणापलीकडून बाईमाणसाची किंकाळी आली.

सोमीबायची नात रंजना होती ती. विशीतली पोर, काशीदच्या रस्त्याला एका बंगल्यात काम करते. आजीचं ते नावं घेणं तिला आवडायचं नाही. "बंगल्यातल्या मॅडम विचारतात, तुमच्यात अजून असलं करतात का," असं ती एकदा माझ्यासमोर बोललेली. सुट्टीच्या दिवशी मात्र आजीबरोबर खाडीत यायची. त्या दिवशी आजी तिवरांत होती आणि रंजना एकटीच बांधाच्या दगडांच्या फटीत चिंबोरी बघत होती. चिंबोरी बाहेर ओढायची लोखंडी आकडी न वापरता तिने हात घातला. कोपरापर्यंत आत. मोठ्या नराने तिचं बोट धरलं.

मी पोचलो तेव्हा ती गुडघ्यांवर होती, पाणी मांड्यांना लागलेलं. ती हात ओढत होती आणि रडत होती. ओढला की चिंबोरी आत पाठ रोवून आणखी घट्ट धरते. फटीच्या काठाला घासून हाताची साल निघाली होती. आणि वरचा मोठा दगड हलत होता. खालची भर पाण्याने धुऊन गेली होती. तो दगड खाली बसला असता तर हात तिथेच राहिला असता, आणि पोर त्या हाताबरोबर.

मी दगडाला दोन्ही हात लावले. मला तो उचलायचा होता. मागून आवाज आला, "मिस्तरी, दगड उचलू नको."

सोमीबाय चिखलातून येत होती, गुडघाभर रुतत. घाई कुनाला हाय, हे ती त्या दिवशी बोलली नाही. आली, एकदा फटीत बघितलं, एकदा पाण्याकडे बघितलं. मग रंजनाच्या समोर, पाण्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसली. अशी बसली की पोरीला आजीचं तोंड सोडून दुसरं काही दिसू नये. लाट तिच्या पाठीवर फुटायची.

"आजे, पाणी चढतंय. हात काढ माझा."

"पाण्याकडं मी हाय. तू हिकडं बघ."

"मिस्तरी, ओढा ना मला."

"कोन ओढनार न्हाय. चिंबोरीनं बोट धरलंय, आन तू मूठ धरलीस. मूठ फटीतनं निघंल काय? सोड ती."

"सोडता येत न्हाय."

"येतंय. श्वास घे. मुठीतला श्वास सोड. ठकी."

"मला ती नावं नको." रंजना किंचाळली. "मला तुमची ती म्हाताऱ्यांची नावं नको, हात काढ."

"नाव तू नको घेऊस. श्वास तू घे. नाव मी घेते," सोमीबाय म्हणाली, आणि आवाज असा होता की जशी चुलीपाशी बसून बोलतेय. "आत घे. हां. सोड. गोमी. आत घे. सोड. बुधी."

मी एवढंच केलं, की बांधावरून दगडाच्या दोन कपच्या आणल्या आणि त्या हलणाऱ्या दगडाखाली ठोकून बसवल्या. मग पाठ लावून त्याला धरून उभा राहिलो. दगड मला ओळखत होता म्हणा, थांबला. पाणी रंजनाच्या कमरेवर गेलं, मग छातीला लागलं. मला हाका माराव्याशा वाटत होत्या, पण ऐकायला कोण होतं? तिवरांत नुसती पाण्याची चाहूल.

"काळी," सोमीबाय म्हणत होती. "पिठी." पोरीचे दात वाजत होते. एकदा चिंबोरीने पुन्हा आवळलं तशी ती कळवळून मागे गेली, आणि पाणी तिच्या तोंडात गेलं. ती खोकली, घाबरली, हात परत ओढायला लागली. सोमीबायने तिच्या मानेमागे हात घातला आणि कपाळाला कपाळ लावलं. "रंजे. ती बी भ्यालेली हाय. आत अंधारात बसून तिला वाटतंय तू तिला खानार. तुझा हात मेलाय आसं तिला वाटू दे. मेलेल्याला कोन धरून ठेवत न्हाय. आत घे. सोड. ठकी."

पाणी हनुवटीला आलं तेव्हा मी रंजनाचा चेहरा बघितला. डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. काय म्हणत होती मला ऐकू आलं नाही, लाटांचा आवाज होता. तिचा खांदा खाली आला, जसा झोपलेल्या माणसाचा येतो. आणि सोमीबाय, जिने इतका वेळ हाताला हात लावला नव्हता, तिने तो हळूच, मडक्यातून लोणी काढावं तसा, बाहेर घेतला. बोटाचं टोक गेलं होतं. हात आला होता.

मी दगड सोडला. तो धपकन खाली बसला.

बांधावर आल्यावर रंजनाला उलटी झाली. सोमीबायने लुगड्याचा पदर फाडून बोट बांधलं. तिच्या पाठीवर लाटांनी आलेली शिंपल्यांची वाळू चिकटलेली होती, रक्तही होतं. मी म्हटलं, "सोमीबाय, तुझी पाठ." ती म्हणाली, "आसू दे, मागं हाय ती."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. सोमीबाय नातीला घेऊन अलिबागच्या दवाखान्यात होती. बैठकीत मी घडलं ते सगळं सांगितलं.  प्रकाशचेही डोळे भरून आले, खोटं का बोलू. पण डोळे पुसून तो म्हणाला, "पोरगी वाचली, फार चांगलं झालं. पण काका, त्यामुळे प्रतिज्ञा बदलत नाही."

मी म्हटलं, "तुझा बाप गेला तेव्हा जलदान विधी केलास ना? पुण्यानुमोदन केलंस ना? इथेच बसून त्याचं नाव घेतलंस ना? मी होतो."

"ते आपल्या पद्धतीने."

"तिने पिंड ठेवला का कुठे? कावळा बोलावला? मागितलं काही कोणाजवळ? श्वास घेते आणि सोडते. तुला भन्तेंनी काय दुसरं शिकवलं?"

बरीच बाचाबाची झाली. शेवटी प्रकाशने तोड काढली. तिला येऊ दे, कसंही बसू दे, काय नावं घ्यायची ती घेऊ दे. फक्त आत नको. ओट्यावर चटई टाकू.

मला क्षणभर ऐकूच आलं नाही.  मी म्हटलं, "ओट्यावर? प्रकाश, तुझ्या आज्याला देवळात कुठे बसवायचे? माझ्या बापाला कुठे बसवायचे? तो ओटा मी बांधला तो चपला काढायला बांधला. माणूस बसवायला नाही." कोणी वर बघेना. पण ठराव झाला. ओट्यावर चटई. मी चावी काढून प्रकाशच्या पुढ्यात टाकली. त्याने घेतली नाही, तिथेच पडून राहिली. घरी जाताना वच्छलाबाईने ती उचलून माझ्या हातात कोंबली. म्हणाली, "भाऊजी, रविवारी दार कोण उघडणार?"

रविवारी दार मी उघडलं. ओट्यावर चटई अंथरलेली होती, प्रकाशनेच सकाळी अंथरली होती, नवीन होती. माणसं आत बसली. प्रकाश दारात उभा राहिला. तिला सांगायचं त्याच्याकडे होतं, आणि त्याचा चेहरा असा होता की रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नसावा.

सोमीबाय वरच्या रस्त्यावरून आली. मागे रंजना, हाताला बँडेज. पायऱ्या चढून वर आली. चटई बघितली. प्रकाशच्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे. तिला कळलं. कुणी काही सांगायची गरजच पडली नाही. मी दाराशी उभा होतो.

तिने खाली वाकून चटई गुंडाळली, काखेत मारली.

"भाईर वारं हाय, बाबा," ती प्रकाशला म्हणाली. "श्वास सापडत न्हाय."

आणि त्याच्या बाजूने आत गेली. तो बाजूला झाला की नाही ते मला नीट सांगता येणार नाही, पण ती गेली. मूर्तीपाशी पोचली, चटई अंथरली, वळली आणि दाराकडे तोंड करून बसली. रंजना तिच्या जवळ बसली, ती मात्र आमच्यासारखी, मूर्तीकडे तोंड करून. दोघींचे गुडघे एकमेकींना लागले.

प्रकाश तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "आजी, तोंड तरी फिरवा," तो म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

"तू बस की माझ्यासमोर," ती म्हणाली. "तुला तो दिसंल, मला तू."

सगळे बघत होते. वच्छलाबाई हळूच म्हणाली, "बस रे." प्रकाश उभाच राहिला. एवढा वेळ उभा राहिला की मला वाटलं, आता एक तर हा बाहेर पडेल नाही तर तिला हाताला धरून उठवील. मग तो बसला.

मी आत गेलो नाही. पुढच्या आठवड्यात माझं डोळ्याचं ऑपरेशन होतं, त्यासाठी पोरीकडे पनवेलला गेलो, आणि परत आलो तोवर पावसाने झोड उठवली होती आणि सोमीबाय तापात गेलेली होती. मसणवट्याच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला तिला पुरलं. म्हणून त्या रविवारी दारातून जे दिसलं तेच माझ्याकडे आहे. समोर सगळ्यांच्या पाठी. डोकी, पदर, टक्कल, वेण्या. एवढ्या माणसांत माझ्याकडे तोंड फक्त दोघांचं, पुढे सोमीबाय आणि तिच्या मागे बुद्ध. डोळे दोघांचेही मिटलेले होते, आणि दोघांपैकी ओठ तेवढे एकीचे हलत होते.